गळती

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे अहिल्याबाईंच्या घाटापुढे मुन्शी घाट लागतो. यात्रेकरूंच्या टिपणात त्याचे नाव क्वचित असते. पलीकडचा दरभंगा घाट आपल्या उंच वाड्यामुळे दुरूनच डोळ्यांत भरतो. मुन्शी घाट मात्र दोन थोरामोठ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या कारकुनासारखा दिसतो. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील श्रीधर मुन्शी ह्यांच्याशी परंपरा त्याचे नाव जोडते. आयुष्यभर दुसऱ्याच्या जमाखर्चाची चिंता वाहिलेल्या माणसाने शेवटी गंगेच्या काठी चार पायऱ्या बांधाव्यात, ही कल्पनाच माझ्यासारख्या सरकारी नोकराला जवळची वाटते.

काशीत मराठी माणसाला तसे परके वाटण्याचे कारण नाही. विश्वेश्वराचे आजचे देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी उभारले. ज्ञानवापीभोवतीची स्तंभांची ओवरी बायजाबाई शिंद्यांनी बांधविली. भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा घाट आहे. आणि ह्या सर्वांच्या कितीतरी आधी, १५७३ साली, एकनाथांनी आपले भागवत ह्याच नगरीत पूर्ण केले. आज मात्र मला घाटांच्या दगडांविषयी बोलावयाचे नाही. त्या घाटावर पाहिलेल्या एका लहानशा वस्तूविषयी आणि तिच्या नावात दडलेल्या एका प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

वैशाखातली सकाळ होती. आईला काशी दाखविण्याचे वचन मी पुष्कळ वर्षे लांबणीवर टाकले होते, ते त्या उन्हाळ्यात पुरे केले. मुन्शी घाटाच्या वरच्या अंगाला, सावलीच्या पट्ट्यात, एक साधी शिवपिंडी होती. तिच्यावर तिकाटण्यावर मातीचे मडके टांगलेले, मडक्याच्या तळाला भोक आणि भोकात दर्भाची काडी. काडीच्या टोकाशी थेंब जमे, क्षणभर थांबे आणि पिंडीवर पडे. खाली एवढी मोठी गंगा वाहत होती आणि वर देवाला पाणी मिळत होते ते थेंबाथेंबाने. आई बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली गळती. आपल्या तुळशीला लावली होती तीच."

गळती! मराठीत ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. छपराची गळती, नळाची गळती, तिजोरीची गळती असे आपण म्हणतो, तेव्हा नासाडी मनात असते. परंतु देवावर गळती धरली असे म्हणतो, तेव्हा तीच क्रिया सेवा होते. संस्कृतात ह्या पात्राला गलंतिका म्हणतात. उन्हाळ्यात शिवलिंगावर ती बांधण्याचा परिपाठ देशभर आहे, आणि आपल्याकडे कित्येक घरांत वैशाखात तुळशीवृंदावनावरही ती टांगतात. थेंब तोच आणि भोकही तेच. मग एक गळती दोष आणि दुसरी पुण्य, हे कशाने ठरते?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला पोथीत मिळाले नाही. ते एका दुष्काळात मिळाले. २०१६ साली मी मराठवाड्यात नोकरीला होतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या गावी गाडी आली नाही, पण टँकर येत असे, आणि टँकर येण्याच्या वेळी रस्त्यावर घागरींची रांग लागत असे. माझ्या वाट्याला आलेल्या सरकारी निवासस्थानापुढे थोडीशी बाग होती: एक हिरवळीचा तुकडा, मोगरा, तगर, जास्वंद, कढीलिंब, एक लिंबाचे झाड आणि मागच्या अंगणात पंचवीसतीस कुंड्या. आवारात जुनी विंधनविहीर होती आणि तिला त्याही वर्षी थोडे पाणी होते. माळीबुवा रोज सायंकाळी रबरी नळी घेऊन बागेला पाणी देत. तसे करू नका असे सांगण्याचे मला सुचले नाही. खरे म्हणजे ते पाणी मला दिसतच नव्हते.

एके दिवशी फाटकाशी एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. तिने काही मागितले नाही, काही बोललीही नाही. नळीतून हिरवळीवर पडणाऱ्या पाण्याकडे ती पाहत राहिली आणि रांग पुढे सरकली तशी निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर ते अलंकारिक होईल. मला झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिले आठवले ते तिचे ते पाहणे. दिवसभर मी ज्या कागदांवर सह्या करीत होतो ते टंचाईचेच कागद होते. त्याच हाताखाली, माझ्याच आवारात, पाणी हिरवळीवर उधळले जात होते.

मी बादली मांडून मोजून पाहिले. आमच्या नळीतून एका मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी येत होते. माळीबुवा वीस मिनिटे पाणी देत. म्हणजे रोज ३०० लिटर. त्यांतले बरेचसे पानांवर, वाटेवर आणि कुंडीच्या तळातून खाली जात असे. दुसऱ्या दिवसापासून विंधनविहिरीचे तोंड फाटकाबाहेर काढून दिले आणि बागेचे पाणी बंद केले. हिरवळ दहा दिवसांत पिवळी पडली आणि मग गेली. तिचे मला आजही दुःख नाही. पण आईची तुळस होती, वडिलांनी लावलेला मोगरा होता, आणि झाडे वाळताना पाहणे हे म्हाताऱ्या माणसाला सोपे नसते. आईने वाद घातला नाही. तिने माळ्यावरून जुने मडके काढले, खिळ्याने त्याला बारीक भोक पाडले, भोकात चिंधीची वात घातली आणि ते तुळशीवर टांगले. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी ती त्यात ओती. आठवड्याभरात अंगणात अशी सहा मडकी झाली. त्या उन्हाळ्यात आमची निम्मी झाडे गेली आणि निम्मी वाचली. वाचली ती सारी गळतीखालची होती.

इतिहासाचा विद्यार्थी ह्या नात्याने मला नंतर कुतूहल वाटू लागले, की थेंबाने झाड जगविण्याची ही युक्ती माणसाला केव्हा आणि कोठे सुचली असेल? शोधू गेल्यावर दिसले, की ती एकदाच आणि एकाच ठिकाणी सुचलेली नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शंग-चृ ह्या नावाच्या अधिकाऱ्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे, त्यावर झाकण ठेवावे आणि भोवती वेली लावाव्यात, अशी रीत दिली आहे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि मुळे ते आपल्या गरजेप्रमाणे ओढून घेतात. आपल्याकडेही फळझाडांच्या बुडाशी मडकी पुरण्याची रीत कोरडवाहू गावांत आढळते. मेघालयाच्या खासी व जैंतिया टेकड्यांवर तर बांबूच्या पन्हळींची एक अद्भुत रचना आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मिनिटाला अठरा-वीस लिटर ह्या वेगाने बांबूत शिरते, फाट्याफाट्यांनी विभागले जाते, आणि शेवटी विड्याच्या पानांच्या वा मिऱ्याच्या वेलीपाशी मिनिटाला वीस ते ऐंशी थेंब एवढेच उरते. दोनशे वर्षांहून अधिक काळ ही रचना तेथील लोक चालवीत आले आहेत, आणि तिच्यात लोखंडाचा एक खिळाही लागत नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. गलंतिकेचे मडके पाहून "ठिबक सिंचन आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते" असे म्हणण्याचा मोह मोठा आहे. इतिहास असे म्हणू देत नाही. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. शिवपिंडीवरची गळती पाणी वाचविण्यासाठी नव्हती, देवाला अखंड गारवा मिळावा म्हणून होती. ज्या काशीत हजारो मडकी देवांवर टांगली गेली, त्या काशीच्या भोवतालच्या शेतांत ती युक्ती उतरल्याचे दिसत नाही. पुजाऱ्याला भोकाचे मर्म ठाऊक होते, कुंभाराला मातीचे होते आणि माळ्याला मुळांचे होते. पण हे तिघे एका बैठकीत कधी बसले नाहीत. आपल्या इतिहासातली खरी गळती जर कोठे असेल तर ती येथे आहे.

मात्र भोकाने पाणी मोजण्याची विद्या आपल्याकडे चांगलीच रुजलेली होती, ह्याला घटिकापात्र साक्ष आहे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली, की छिद्रातून पाणी आत येऊन ती ठरलेल्या वेळात बुडे. ती एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे. अशा साठ घटकांचा दिवस. लग्नाच्या मुहूर्तासाठी ही वाटी मांडलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना "घटका भरली" ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ डोळ्यांनी कळला असेल. छिद्र ठरले की प्रवाह ठरतो आणि प्रवाह ठरला की काळ ठरतो. आजच्या ठिबकाचा सारा व्यवहार ह्याच तत्त्वावर चालतो, फक्त उलट्या दिशेने. काळ आपण ठरवितो आणि पाणी आपोआप ठरते. ताशी दोन लिटर पाणी देणारी तोटी एक घटकाभर चालू ठेवली, तर ८०० मिलिलिटर पाणी देईल. कमी नाही, जास्त नाही.

पाणी वाटून घेण्याची, म्हणजे त्यावर मर्यादा घालण्याची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. खानदेशातील पांझरा-मोसम नद्यांवरील फड पद्धती ही तिचा उत्तम नमुना होय. नदीवर लहान लहान बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यावयाचे. मालकाने स्वतः पाटाला हात लावावयाचा नाही. पुढे इंग्रजी अमलात दख्खनचे मोठे कालवे झाले, तेव्हा पाणी कोणाला किती द्यावे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. एकोणिसावे शतक संपता संपता मुंबई इलाख्यातील एका तरुण अभियंत्याने, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी, त्यासाठी ब्लॉक पद्धत आखली. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनीच उसासाठी पाणी पिऊन टाकू नये, ते अधिक गावांत ठरावीक क्षेत्राला आणि पिकांच्या फेरपालटीने मिळावे, हा तिचा हेतू. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तेथील नियम ऐकताना साधे वाटतात: पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे तर माणशी मिळेल, ते माणशी अर्ध्या एकराला मिळेल, कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक क्षेत्राला मिळणार नाही, आणि त्या पाण्यावर ऊस लावता येणार नाही. ज्यांनी महसूल खात्यात काम केले आहे त्यांना हे नियम किती कठीण आहेत ते कळेल.

आधुनिक ठिबकाचा जन्म, विशेष म्हणजे, पहिल्या अर्थाच्या गळतीतून झाला. १८६० च्या सुमारास जर्मनीत जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून पाणी देण्याचे प्रयोग झाले. १९१३ साली अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात छिद्रांच्या नळ्यांनी मुळांपाशी पाणी देऊन पाहिले गेले. परंतु ते खर्चाला परवडत नाही असा निष्कर्ष निघाला. मग सिम्का ब्लास नावाचा एक अभियंता येतो. पोलंडमध्ये जन्मून पॅलेस्टाईनमध्ये स्थायिक झालेल्या ह्या पाणीपुरवठ्याच्या जाणकाराला १९३० नंतरच्या दशकात कोणीतरी एक झाड दाखविले. आजूबाजूची झाडे खुजी होती, हेच एक पाणी न घालता जोमाने वाढले होते. त्याने बुंध्याशी उकरून पाहिले, तेव्हा जमिनीखालच्या नळाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होते आणि ओल कांद्याच्या आकाराने मुळांभोवती पसरली होती. दुसऱ्या एखाद्याने तो सांधा घट्ट करून गळती थांबविली असती. ब्लासच्या मनात मात्र ती गळती वीसएक वर्षे ठिबकत राहिली.

अडचण अशी होती, की भोक बारीक ठेवावे तर ते गाळाने बुजते आणि मोठे ठेवावे तर पाणी धो धो वाहते. महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या स्वस्त नळ्या आल्या, तेव्हा ब्लासने ह्यातून वाट काढली. भोक बारीक करण्याऐवजी त्याने पाण्याची वाट लांब आणि वळणाची केली. लांब वाटेवर घर्षणाने पाण्याचा जोर मोडतो आणि मार्ग रुंद असूनही शेवटी बाहेर पडतो तो थेंबच. मुलाच्या साहाय्याने त्याने १९५९ च्या सुमारास ह्या तोटीचे प्रयोग केले आणि १९६५ साली नेगेवच्या वाळवंटातील हात्झेरिम ह्या सामुदायिक वसाहतीशी करार होऊन तिचे उत्पादन सुरू झाले.

भारतात ह्या पद्धतीवरचे पद्धतशीर संशोधन १९७० नंतरच्या दशकात कृषी विद्यापीठांतून होऊ लागले, आणि तिचा प्रसार ज्या प्रदेशांत सर्वांत आधी व सर्वांत जोमाने झाला त्यांत महाराष्ट्र अग्रभागी आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य शासनाने अनुदान देण्यास आरंभ केला. त्याच सुमारास जळगावी भवरलाल जैन ह्यांनी ठिबक संचांचे उत्पादन हाती घेतले. जळगावची केळी, नाशिक-सांगलीची द्राक्षे, सोलापूरचे डाळिंब ह्या तिन्हींच्या मागे ही काळी नळी आहे. तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांना प्रयोगाची दृष्टी देणारे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांचे नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. त्यांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्याला संशोधक मानले, आणि शहरातल्या गच्चीवरही घरच्या काडीकचऱ्याच्या व थोडक्या पाण्याच्या आधारे मळा फुलू शकतो हे दाखविले.

आता घरच्या बागेकडे येतो. दुष्काळ सरल्यानंतर माझी बदली झाली, आणि नव्या ठिकाणी तीस कुंड्यांसाठी मी एक लहानसा ठिबक संच आणला. गच्चीवरची टाकी, तिच्याखाली एक गाळणी, मग बोटाएवढी मुख्य नळी, तिला टोचून जोडलेल्या काडीएवढ्या उपनळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला ताशी दोन लिटरची तोटी. सगळ्याला मिळून एका बऱ्यापैकी जोड्याइतका खर्च आला. सकाळी पंधरा मिनिटे संच चालू ठेवला की प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर मिळते; तीस कुंड्यांना १५ लिटर. पूर्वी रबरी नळीने एका मिनिटात जेवढे सांडत होतो तेवढ्यात आता साऱ्या कुंड्यांचे भागते. जेथे पाणी टँकरने विकत घ्यावे लागते, किंवा नळाच्या मीटरप्रमाणे पैसे भरावे लागतात, तेथे हा हिशेब कोणालाही स्वतः करून पाहता येईल.

पाणी वाचते ते कशामुळे, हेही समजून घेतले पाहिजे. आपला शेतकरी "वाफसा" हा शब्द वापरतो. माती चिखल नाही आणि कोरडीही नाही, तिच्यात ओलही आहे आणि हवाही आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना हवी असते ती हीच अवस्था. नळीने भरभरून पाणी घातले की माती आधी गुदमरते आणि मग तापते. वाफसा दोहोंच्या मध्ये थोडाच वेळ येतो. थेंबाने पाणी दिले तर तो दिवसभर टिकतो. भोवतालची माती कोरडी राहते म्हणून तण कमी येते आणि उन्हाने उडून जाणारे पाणीही वाचते. काळ्या मातीत ओल आडवी पसरते, वाळूसर मातीत ती सरळ खाली उतरते. म्हणून वाळूसर जमिनीत तोट्या जवळ जवळ लावाव्या लागतात. तोटीच्या खाली पालापाचोळा पसरला तर पाणी आणखी कमी लागते.

ह्या यंत्राची खोड सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. क्षाराच्या पाण्याने तोट्या बुजतात. दर आठपंधरा दिवसांनी गाळणी धुवावी लागते आणि नळीचे टोक उघडून गाळ सोडावा लागतो. खारींना ही काळी नळी फार आवडते. आणि सर्वांत मोठी अडचण माणसाच्या मनाची. आईला पहिल्या महिन्यात ठिबकावर विश्वासच नव्हता. "झाडाला पाणी घातल्यासारखे वाटत नाही," ती म्हणे, आणि संच बंद झाल्यावर हळूच एक एक तांब्या ओतून येई. तिचे चुकत नव्हते. आपल्याकडे पाणी घालणे ही नुसती क्रिया नाही, ती भेट आहे. पाणी घालताना किडलेले पान दिसते, नवी कळी दिसते. यंत्राने ती भेट हिरावून घेऊ नये म्हणून आम्ही एक तोड काढली: संच चालू करून ती त्या पंधरा मिनिटांत कुंड्यांमधून फिरते, बुजलेल्या तोट्या टाचणीने मोकळ्या करते. माझ्याहून तिला आता त्यांतले अधिक कळते.

परंतु ह्या कथेला एक कडू शेवट असू शकतो आणि महाराष्ट्राने तो पाहिला आहे. ठिबकाने पाणी वाचले, आणि वाचलेले पाणी नदीत वा भूगर्भात न राहता पुष्कळ ठिकाणी आणखी उसाला, आणखी बागायतीला गेले. राज्याच्या लागवडीखालील जमिनीचा अगदी लहान भाग उसाखाली आहे. सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा मात्र तो घेतो. साधन काटकसरीचे असले म्हणून त्याचा उपयोग काटकसरीने होतोच असे नाही. घरीही हेच होते. तीस कुंड्यांचे पाणी वाचले म्हणून साठ कुंड्या लावल्या, तर हिशेब होता तेथेच येतो. नायगावच्या पाणी पंचायतीला जे उमगले होते ते हेच, की यंत्र पाणी वाचवीत नाही. ते पाणी वाचविण्याची सोय करते. वाचवायचे की नाही, आणि वाचलेले कोणाला द्यायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

मुन्शी घाटावर त्या सकाळी हे सारे मनात येत असताना मला एकनाथांची गोष्ट आठवली. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यावयाची, केवढे पुण्य! त्या पाण्याचा एक थेंब सांडू नये म्हणून वाटभर केवढी जपणूक! आणि वाटेत, तापलेल्या वाळूत, तहानेने तडफडणारे एक गाढव दिसते. नाथ ती कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. बरोबरच्यांना ती नासाडी वाटते. नाथांना वाटते, रामेश्वर येथेच भेटला. लहानपणी ही गोष्ट मला भूतदयेची वाटे. आता ती मला हिशेबाचीही वाटते. इतक्या काटकसरीने राखलेले पाणी नेमके जेथे हवे तेथे, नेमके हवे तेव्हा दिले गेले. राखले नसते तर देता आले नसते, आणि दिले नसते तर राखण्याला अर्थ उरला नसता.

गळती दोष केव्हा आणि सेवा केव्हा, ह्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते ह्यात आहे. नळाच्या बिघडलेल्या तोटीतून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी जाते. तेवढ्यात अर्ध्या लिटरच्या आठ कुंड्या जगतात. मोरीत पडणारा थेंब आणि मुळाशी पडणारा थेंब ह्यांच्यात वजनाचा काही फरक नाही. खाली कोण आहे हे पाहून भोक पाडलेले असले तर ती सेवा. न पाहता राहून गेलेले असले तर ती नासाडी. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या बाईने मला न बोलता एवढेच सांगितले होते, की माझ्या आवारातली नळी खाली न पाहता चालू आहे.

आम्ही घाटावरून निघालो तेव्हा ऊन चढले होते. पिंडीवरचे मडके रिकामे होत आले होते आणि थेंबांतले अंतर वाढले होते. आई पायऱ्या उतरून गेली, तांब्याभर गंगा घेऊन आली, आणि पुजाऱ्याला विचारून ती मडक्यात ओतली. मग काडीच्या टोकाशी पुन्हा थेंब धरेपर्यंत ती तेथेच उभी राहिली.